चौथ्याचं सामान

इथं अनुभव सांगणारे बहुतेक जण आधी म्हणतात, "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता." मी तसं म्हणणार नाही, कारण ते फारच मवाळ होईल. मी असल्या गोष्टींवर हसायचो... सांगणाऱ्याच्या तोंडावर, बशीतला चहा सांडेपर्यंत. आमच्या कंपनीत अमावास्येला ट्रक बाहेर काढताना चाकाखाली लिंबू ठेवतात. मी अमावास्या बघून मुद्दाम केस कापायला जातो. न्हाव्याकडे गर्दी नसते.

तर असा मी. राहणार इंदिरानगर, नाशिक. नोकरी अंबडला एका कंपनीत, डिस्पॅच खात्यात. तेवीस वर्षं मी एकच काम केलं आहे — पॅकिंग. आणि स्वतःची स्तुती स्वतः करू नये म्हणतात, पण दुसरं कुणी वेळेवर करत नाही म्हणून सांगतो: माझ्या हाताने बांधलेलं खोकं आजवर फुटलेलं नाही. एकदा आमचा माल घेऊन निघालेला ट्रक कसारा घाटात उलटला. ड्रायव्हरचे दोन दात गेले, क्लीनरचा मोबाईल दरीत गेला, आणि माझ्या खोक्यातली काच? अशीच्या अशी. ज्याने खोकं उघडलं त्याने त्या काचेत बघून भांग पाडला, मगच पोलिसांना फोन केला.

माझी पद्धत सोपी आहे. आधी वजन, मग नंबर, मग सील. तीन खोकी जाणार असतील तर त्यांच्यावर १/३, २/३, ३/३ असं लिहायचं, म्हणजे घेणाऱ्याला कळतं की एकूण किती आणि हातात आलंय ते कितवं. मग प्लॅस्टिकचं नंबरवालं सील लावायचं. ते एकदा ओढलं की कापल्याशिवाय निघत नाही. घरीही माझं हेच चालतं. लग्नानंतर आम्ही माथेरानला गेलो तेव्हा दोन बॅगांवर मी १/२, २/२ लिहिलं होतं. माझी बायको उज्ज्वला हा किस्सा अजून सांगते, आणि दर वेळी चुकीचा सांगते.

आता मुद्द्यावर येतो.

आमची एकुलती एक मुलगी गार्गी. इंजिनिअर झाली, पेढे वाटून झाले, आणि आठव्या दिवशी म्हणाली, "बाबा, मला पाण्यावर काम करायचंय." गंगापूर धरणावर ती कयाक शिकली. कयाक म्हणजे निमुळती हलकी होडी, एकट्याची किंवा दोघांची. वल्ह्याला दोन्ही टोकांना पातं. शिकता शिकता ती शिकवायला लागली. आणि या वर्षी तिला हिमाचलात नदीकाठच्या एका कॅम्पवर सहायक प्रशिक्षक म्हणून बोलावणं आलं. फेब्रुवारीअखेर हजर व्हायचं. बर्फाचं पाणी!

उज्ज्वला शाळेत गणित शिकवते. तिचा नकार पण गणितासारखा असतो, त्याला दोन उत्तरं नसतात. पण गार्गीने आठ दिवस जेवणाच्या टेबलावर तोंड उघडलं नाही, तेव्हा तिने अट घातली.

"आधी इथं करून दाखव. ऐन थंडीत. पाण्यावर दिवस, तंबूत रात्र. बाबांना बरोबर घे. जितके असाल तितके सगळे कोरडे परत आले पाहिजेत. कुणाला साधी शिंक जरी आली ना गार्गी, तर हिमाचल विसरायचं. पुन्हा विषय काढायचा नाही."

"चालेल," गार्गी म्हणाली. माझ्याकडे बघून म्हणाली. म्हणजे तिचं अख्खं हिमाचल माझ्या पॅकिंगवर आलं.

तिसरे गडी आपणहून आले. माझे साडू, दिलीपराव. राहणार विंचूर, धंदा कांद्याचा. त्यांचं म्हणणं, थंडी ही मूळची निफाड तालुक्याची आणि बाकीच्यांनी ती तिथून नेली. "साडूभाऊ, आमच्याकडं द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटवाव्या लागत्यात पहाटं. कोंबडं आधी नरडं शेकतं, मग आरवतं. तुम्ही शहरातली माणसं काय थंडी बघणार! मी येतो, पिकअप पण आणतो." पिकअप आणतो म्हटल्यावर माझा विरोध मावळला. क्लबच्या दोन कयाक न्यायच्या होत्या, एक एकट्याची, एक दोघांची. त्या काय स्कूटरवर नेणार?

जानेवारीतला शुक्रवार. संध्याकाळी हॉलमधला सोफा भिंतीला लावून मी सामान मांडलं. तंबू, स्लीपिंग बॅगा, चूल, शिधा, सगळं. पण माझा खरा जीव होता एका केशरी ड्राय बॅगेत. ड्राय बॅग म्हणजे पाणी आत न जाणारी, तोंड गुंडाळून बंद करायची पिशवी. ही पिशवी फक्त संकटाची. कुणी पाण्यात पडलं तरच उघडायची, एरवी हात लावायचा नाही. तिच्यात प्रत्येकाचं एक पारदर्शक पाकीट: थर्मलचा जोड, स्वेटर, ट्रॅक पँट, लोकरी मोजे, माकडटोपी, पंचा आणि एक पातळ ब्लँकेट. प्रत्येक पाकीट मी काट्याला लावलं. बरोबर एक किलो नऊशे. तिन्ही. दिलीपरावांचं थोडं जास्त भरत होतं म्हणून त्यांचा एक मोजा बदलला. पाकिटांवर मार्करने लिहिलं — १/३ गार्गी, २/३ दिलीपराव, ३/३ मी. फोटो काढला आणि दिलीपरावांना व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यांनी उत्तरादाखल हात जोडलेले पाठवले. आदराने की कंटाळून, ते कळलं नाही.

पिशवी पाचशे ग्रॅमची. तीन पाकिटं आत टाकून पुन्हा काटा. सहा किलो दोनशे. वा!

तेवढ्यात उज्ज्वला बाल्कनीतून आली, हातात गुलाबाच्या कुंडीतला गोटा घेऊन. काळा, गुळगुळीत, नदीतला.

"हा घ्या बरोबर."

"हे काय?"

"चौथा. तिघं निघालाय ना? तीन तिगाडा, काम बिगाडा."

ज्यांच्या घरी ही रीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तिघांनी मिळून कामाला निघू नये, निघावंच लागलं तर चौथा म्हणून एक दगड नाहीतर सुपारी बरोबर घ्यावी, म्हणजे हिशेब चारचा होतो आणि काम बिघडत नाही.

"उज्ज्वला, तू गणिताची शिक्षिका आहेस!"

"म्हणूनच सांगते. मोजायला मला येतं."

"मग सुपारी तरी दे. ग्रॅममध्ये काम होईल."

"सुपारी संपलीये. आणि हे बघा, चौथा म्हणून न्यायचा तर तो माणूस म्हणून न्यायचा. टाकला कुठंतरी असं नाही चालायचं. त्याचंही सामान घ्या. थंडी आहे."

"दगडाला स्वेटर घालू?"

"का? तुम्ही घालता की."

गार्गी आतल्या खोलीत इतकी हसली की तिला ठसका लागला. मी गोटा काट्याला लावला. एक किलो नऊशे. योगायोग म्हणून मी सोडून दिलं. तिच्यादेखत तो पिशवीत टाकला, "आलं का समाधान?" म्हटलं, आणि झोपायला गेलो.

आता कबुली. सकाळी साडेपाचला उठलो, उज्ज्वला दूध घ्यायला खाली गेली होती, आणि मी तो गोटा काढला. माझ्या संकटाच्या पिशवीत दोन किलोचा दगड? तेवीस वर्षांच्या तपश्चर्येवर तो दगडच होता. तो गुपचूप चपलांच्या रॅकमागे सरकवला. पिशवी पुन्हा काट्याला लावली. सहा दोनशे. तोंड गुंडाळलं आणि सील ओढलं. हे सील कंपनीतून... आणलं असं नाही, खिशात आलं होतं. त्याचा नंबर मोबाईलमध्ये टिपून ठेवला आणि मोबाईल पाणी न शिरणाऱ्या पाऊचमध्ये घालून गळ्यात अडकवला. माझ्या दृष्टीने आम्ही तिघं निघालो होतो. उज्ज्वलाच्या दृष्टीने चौघं.

सहाला दिलीपरावांचा पिकअप खाली भोंगा मारत उभा. त्र्यंबक रस्त्याला लागलो तेव्हा अंजनेरी धुक्यात अर्धी बुडालेली होती. त्र्यंबकेश्वरला दिलीपरावांना दर्शन हवं होतं, पण रांग बघून त्यांनी गाडीतूनच हात जोडले आणि पोह्यांच्या दोन प्लेटी मात्र खाली उतरून खाल्ल्या. तिथून पुढे वैतरणेचं धरण. पाणी एवढं मोठं की पलीकडचा डोंगर कालच्या तारखेचा वाटावा.

काठावर मी कयाकमध्ये सामान भरायला लागलो. पुढे-मागे वजन सारखं लागतं, म्हणून प्रत्येक नग पुन्हा काट्याला लावत होतो. केशरी पिशवी अडकवली.

आठ किलो शंभर.

काढली, पुन्हा लावली. आठ शंभर. काटा झटकला, बॅटरी काढून घातली. आठ शंभर! पाण्याचा पाच लिटरचा कॅन लावला, तो बरोबर पाच. तंबू लावला, तो घरच्याएवढाच. फक्त पिशवी.

दिलीपराव बाजूला उभे राहून विडी ओढत होते. "साडूभाऊ, हा काटा आमच्या विंचूरला आणा. कांदा वावरात असतानाच वाढंल."

"बाबा, उघडून बघा ना एकदा," गार्गी म्हणाली.

"सील तोडायचं नाही. ही पिशवी कुणी ओलं झाल्यावरच." सील मी निरखून पाहिलं. ना ओरखडा, ना ताण. नंबर तोच. मग मी ठरवलं की थंडीने काटा आखडला आहे. लोखंड आखडतं, काटा का नाही आखडणार? मी पिशवी दोघांच्या कयाकमध्ये मागे बांधली आणि आम्ही निघालो. गार्गी तिच्या कयाकमध्ये पुढे, मी आणि दिलीपराव मागे, एकमेकांची वल्ही एकमेकांच्या डोक्याला लावत.

दुपारपर्यंत पाणी आरशासारखं होतं. माझ्या वल्हवण्याचं मी वर्णन करणार नाही, गार्गी हे वाचते. साडेचारच्या सुमाराला वारा उठला. पश्चिमेकडून, एकदम, कुणीतरी दार उघडल्यासारखा. पाण्याला हात लावला की बोटं आपली वाटेनात. आम्हाला तंबू टाकायचा होता तो किनारा अजून फर्लांगभर लांब होता.

"बाबा! तिकडं!" गार्गी ओरडली.

थर्माकोलचे तुकडे प्लॅस्टिकच्या जाळीत आवळून त्याचा तराफा करतात इथले मासे धरणारे. तसा एक तराफा उलटा होऊन लाटांवर नाचत होता, आणि त्याच्या कडेला एक डोकं. एक हात तराफ्यावर. मग तो हात घसरला. मग पुन्हा आला.

गार्गीने कयाक वळवली ती मला दिसलीसुद्धा नाही, दिसलं ते नुसतं पाणी उडालेलं. मी पण जोर लावला. पहिला फटका दिलीपरावांच्या पाठीत बसला, दुसरा हवेत गेला, आणि तिसऱ्याला वल्हं माझ्या हातातून सुटलं आणि वाऱ्याबरोबर त्र्यंबकच्या दिशेने निघून गेलं. मी खरं तेच सांगतोय. वीस-पंचवीस मीटरवर माझी मुलगी एका बुडत्या माणसाला सांगत होती, "दादा, माझ्याकडे बघा. होडीच्या टोकाला मिठी मारा. मला धरू नका, होडीला धरा. असं. आता सोडायचं नाही!" आवाज चढलेला नव्हता. मी घरात झुरळ निघालं तर याच्या दुप्पट ओरडतो.

त्या माणसाने टोकाला मिठी मारली आणि ती त्याला घेऊन वाऱ्याविरुद्ध वल्हवायला लागली. दोन हात पुढे, एक हात मागे. पुन्हा दोन पुढे. किती वेळ कोण जाणे. मला विचाराल तर एक तास, गार्गी म्हणते बारा मिनिटं. किनाऱ्याजवळ त्याची पकड सुटली. तेव्हा ती सरळ पाण्यात उतरली, छातीभर पाण्यात, आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढत नेलं. आम्ही मदतीला येत होतोच. एका वल्ह्यावर येत असल्यामुळे आडवे झालो आणि उलटलो. पाणी माझ्या छातीएवढं होतं. दिलीपराव म्हणतात गुडघ्याएवढं होतं, पण मग ते "आई गं" म्हणून का ओरडले ते सांगत नाहीत.

किनाऱ्यावर चौघं. चौघंही नखशिखांत भिजलेले. सामानाची बाकी पोती पण भिजली, स्लीपिंग बॅगांतून पाणी गळत होतं. ऊन डोंगराआड चाललेलं आणि वारा थांबायला तयार नाही.

तो माणूस — लहानू त्याचं नाव, पलीकडच्या पाड्यावरचा, उंच, सव्वासहा फूट तरी असेल — त्याचे दात वाजत होते तोवर ठीक होतं. मग ते वाजायचे थांबले आणि तो झोपल्यासारखं करायला लागला. "झोपू नका, दादा!" गार्गी त्याला हलवत म्हणाली. "बाबा, यांचे ओले कपडे काढा, आत्ताच्या आत्ता. कोरडं द्या काहीतरी." तिचे स्वतःचे ओठ जांभळे झाले होते.

आणि मी हिशेब केला. माणसं चार. पाकिटं तीन. तेवीस वर्षांत पहिल्यांदा माझा माल कमी पडणार होता.

"माझं पाकीट त्यांना द्या," गार्गी म्हणाली. तिला नीट उभं राहता येत नव्हतं.

"गप! माझं देतो," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, म्हणताना मनात आलं की दिलीपराव मध्ये पडून "नाय नाय, माझं द्या" म्हणतील.

"माझं बी घ्या," दिलीपराव म्हणाले, "फक्त टोपी ऱ्हाऊ द्या मला."

मी केशरी पिशवी ओढली. बोटं वळत नव्हती, तरी सवयीने सीलचा नंबर वाचला. बरोबर होता. दिलीपरावांच्या कांदा कापायच्या चाकूने ते कापलं, तोंड उलगडलं, हात घातला. पहिलं पाकीट बाहेर आलं. त्यावर लिहिलेलं होतं — १/४ गार्गी.

म्हटलं डोळ्यांत पाणी गेलंय. पुसले. दुसरं काढलं. २/४ दिलीपराव. तिसरं. ३/४ मी.

मग हात आणखी आत गेला आणि तिथे आणखी एक होतं.

४/४. पुढे नाव नाही.

मंडळी, अक्षर माझं होतं. माझा ४ हा गाठ मारलेल्या सुतळीसारखा येतो, डिस्पॅचमध्ये त्यावरून मला चिडवतात. चारही पाकिटांवर तोच सुतळीचा ४. दिलीपराव माझ्या खांद्यावरून बघत होते. ते फक्त एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, हे..." आणि शाई निघते का ते अंगठा घासून बघायला लागले. कांद्याच्या लिलावात चार तास सलग बोलणारा माणूस!

"काय बघत बसलात? द्या ना!" गार्गी ओरडली, तेव्हा भानावर आलो. लहानूला पुसून कोरडं केलं आणि ते कपडे चढवले. थर्मल, ट्रॅक पँट, मोजे, टोपी आणि एक चॉकलेटी रंगाचा स्वेटर. माझा स्वेटर त्याच्या बेंबीपर्यंत आला असता. हा मनगटापर्यंत बरोबर बसला. ब्लँकेटात गुंडाळला, गार्गी त्याच्या पाठीला पाठ लावून बसली, दिलीपरावांनी कुठून कुठून काटक्या आणून शेकोटी पेटवली. निफाडची विद्या तिथे कामाला आली, हे मोठ्या मनाने मान्य करतो. गुळाचं गरम पाणी घोट-घोट पाजलं. अर्ध्या तासाने त्याचे दात पुन्हा वाजायला लागले. इतका गोड आवाज मी ऐकला नाही कधी.

पहिलं वाक्य तो बोलला ते, "जाळं ऱ्हायलं का माझं?"

"आहे, दादा. तराफ्याला अडकलंय. वारा पडला की आणून देते," गार्गी म्हणाली. आणि अंधार पडायच्या आत आणूनही दिलं. त्याचा भाऊ मोटरसायकलवर शोधत आला आणि त्याला घेऊन गेला, त्याच कपड्यांत. आम्ही रात्र शेकोटीपाशी काढली. सकाळी भाऊ पुन्हा आला, नाचणीच्या भाकऱ्या आणि मासे घेऊन. लहानू उठून बसलाय म्हणाला, आणि बायकोवर खेकसतोय. म्हणजे बरा होता.

रविवारी दुपारी घरी. दारात उज्ज्वला.

गार्गीने सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही, माझं वल्हंसुद्धा. मी खुणा करत होतो, तिने बघितलं नाही. सांगून झाल्यावर ती खाली मान घालून उभी राहिली. "आई, आम्ही सगळे भिजलो. अट मोडली. मला माहितीये."

उज्ज्वला माझ्याकडे वळली. "आणि चौथा कुठंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी चपलांच्या रॅकमागून गोटा काढून तिच्यापुढे धरला. मग पिशवीतून ती चार पाकिटं काढली, रिकामी. मोबाईलवर शुक्रवारचा फोटो दाखवला: १/३, २/३, ३/३. स्वच्छ. शेजारी पाकिटं ठेवली: १/४ पासून ४/४. पाकिटांचा डझनाचा गठ्ठा आणला होता, खणात बघितलं तर अजून नऊ उरलेली. म्हणजे घरातून तीनच गेली. कापलेलं सील दाखवलं. शेकोटीपाशी काढलेला लहानूचा फोटो दाखवला. ती तो मोठा करून स्वेटर बघत राहिली. "हा आपल्या घरातला नाही," म्हणाली. "चॉकलेटी रंग आपल्याकडे कुणीच घालत नाही."

"तू तर नाही ना टाकलंस?"

"तुम्ही सील लावायच्या आधी वजन केलं होतं ना?"

"केलं होतं. सहा दोनशे."

"आणि तिथं?"

"आठ शंभर."

ती खुर्चीवर बसली. बोटाने टेबलावर काहीतरी लिहिल्यासारखं केलं. मला वाटलं आता बोलणार, दगड काढल्याबद्दल माझी सालटी काढणार. पण ती गार्गीला म्हणाली, "तिथं एकूण किती जण होतात?"

"चार," गार्गी म्हणाली.

"चौघांना कोरडे कपडे मिळाले?"

"हो."

"चौघंही आपापल्या घरी कोरडे पोचले?"

"हो, आई."

"कुणी शिंकलं?"

गार्गीने माझ्याकडे बघितलं. मी नाक दाबून धरलं होतं.

"मग मी काय म्हटलं होतं? जितके असाल तितके सगळे कोरडे. झालं की." ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. तिकडून आवाज आला, "तिकीट लवकर काढ, नंतर मिळत नाही." बराच वेळ नळ चालू होता. भांडी तर सगळी घासलेली होती.

मला माहितीये, खाली प्रतिक्रियांमध्ये तुम्ही काय लिहिणार. तुम्हीच चार बांधली आणि विसरलात. मग फोटोत तीन का? कुणीतरी मागून टाकलं. मग सील? दिलीपरावांनी गंमत केली. दिलीपरावांना गंमत करायला आवडते हे मान्य, पण माझ्या अक्षरात ४ काढणं त्यांच्या बापजन्मी जमणार नाही, आणि स्वतःच्या पैशाने स्वेटर आणून कुणाला देणं तर त्याहून नाही. चार पाकिटं माझ्या कपाटात आहेत. तो काटा मी कंपनीत तपासून घेतला, त्यात दोष नाही. पुढच्या आठवड्यात मी आणि दिलीपराव लहानूच्या पाड्यावर पण जाऊन आलो. तो तोच स्वेटर घालून जाळं विणत बसला होता. मी उलटून-पालटून बघितला. ना शिक्का, ना लेबल, ना दुकानाचं नाव. "परत पायजे का?" त्याने विचारलं. म्हटलं, "नाही बाबा, तुझाच आहे तो." ते पाकीट कोणी बांधलं, कधी बांधलं, माझ्या अक्षरात आकडे कोणी बदलले, याचं उत्तर मला आजही नाही. पॅकिंगमधला माणूस असून हे लिहितोय, यावरून समजा काय अवस्था आहे.

पण मला त्याहून मोठं एक कोडं पडलंय. पाकीट किनाऱ्यावर उघडलं. किनाऱ्यापर्यंत त्या माणसाला आणलं ते गार्गीने. हे धाडस आमच्या घरात आलं कुठून? मी बादलीतलं पाणी कोमट झालं तरी अंघोळ उद्यावर टाकणारा माणूस. उज्ज्वला पायरीवर शेवाळं दिसलं तर घाटावर उतरत नाही. आमच्या दोन्हीकडच्या सात पिढ्यांत पाण्यात उडी मारलेला एकही जण नाही, पडलेले मात्र पुष्कळ. याचंही स्पष्टीकरण नाही.

फेब्रुवारीत तिला सोडायला नाशिकरोडला गेलो. गाडी उशिरा होती. बाकावर शेजारी एक गृहस्थ बसले होते, त्यांनी सहज विचारलं, "मुलगी कुठे निघालीय?"

"हिमाचलला. नदीवर. लोकांना शिकवायला." मग मला राहवेना. "नुकतीच तिने वैतरणेत बुडणारी चार माणसं काढली. एकटीने."

"चार नाही, एक," उज्ज्वला म्हणाली.

"एक तर एक. पण किनारा तीन किलोमीटर लांब होता."

"फर्लांगभर होता," उज्ज्वला म्हणाली. माझी तिथेच हवा गेली. गृहस्थ मान डोलावून पेपरकडे वळले. गार्गी पाण्याची बाटली भरायला पुढे गेली होती, ती ऐकू येण्याच्या टप्प्यात नाही हे उज्ज्वलाने मान वळवून नीट बघून घेतलं. मग माझ्या पलीकडे वाकून तिने त्या गृहस्थांच्या पेपरवर बोट आपटलं.

"पण लाटा केवढ्या होत्या, माहितीये का तुम्हाला?" ती म्हणाली. आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन तिने त्यांना दाखवल्या, इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावर बसून न बघितलेल्या त्या लाटा. गाडी येईपर्यंत दाखवत होती.